कुठले पाटील, कोणते आंग्रे?

कोल्हापुरात एखाद्याने आपली ओळख सांगताना नुसते 'पाटील' म्हटले, की समोरचा माणूस हमखास पुढचा प्रश्न विचारतो : "कुठलं पाटील?" या प्रश्नाचे उत्तर गावाच्या नावाने द्यायचे असते, आणि ते गाव शिरोली असेल तर तेवढ्यानेही भागत नाही, कारण जिल्ह्यात पुलाची शिरोली आहे आणि शिरोली दुमालाही आहे. बावडा म्हटले तर कसबा बावडा की गगनबावडा, सांगाव म्हटले तर कसबा सांगाव की मौजे सांगाव, हे सांगावेच लागते. एका नावाचे अनेक धनी असतील तर नावाला जोडून आणखी एक खूण लावावी लागते, ही गोष्ट इथल्या माणसाला कोणी शिकवलेली नाही. तो ती रोज करतो. संगणकशास्त्रात याच कामासाठी स्वतंत्र शाखा आहे, आनुवंशशास्त्रात आडनावांचा साधन म्हणून वापर होतो आणि संभाव्यताशास्त्रातील एका महत्त्वाच्या सिद्धान्ताचा जन्मच आडनावांच्या कोड्यातून झाला आहे. या सगळ्याच्या मुळाशी एकच अडचण आहे, ती अशी की आडनाव खुणेसारखे दिसते, पण ते एका जागी थांबत नाही. ते गावाकडून माणसाकडे, माणसाकडून बेटाकडे आणि जहाजाकडे जात राहते.

आंग्रे हे आडनाव घेऊन पाहू. मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ, आणि अंगारवाडी या गावावरून पुढे आंग्रे हे नाव रूढ झाले, असे सांगितले जाते. संकपाळ हे आडनाव आजही कोल्हापूर जिल्ह्यात गल्लोगल्ली सापडते. कान्होजींचा कोल्हापूरशी आणखी एक धागा आहे : छत्रपतींच्या दोन गाद्यांमधील संघर्षात ते आधी ताराबाईंच्या पक्षात होते आणि 1713-14च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या शिष्टाईनंतर शाहू महाराजांकडे गेले. 1729मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी, 1951मध्ये, मुंबईतील नौदलाच्या तळाचे 'डलहौसी' हे नाव बदलून 'आयएनएस आंग्रे' करण्यात आले.

येथे जहाज या शब्दाचीही थोडी गंमत आहे. 'आयएनएस' ही अक्षरे पाहून वाचकाच्या डोळ्यांपुढे समुद्र कापत जाणारी युद्धनौका येते, परंतु आंग्रे हा किनाऱ्यावरचा तळ आहे. नौदलाच्या परंपरेत अशा तळांनाही जहाजाचाच दर्जा आणि जहाजाचेच नाव मिळते. 'आयएनएस शिवाजी' तर लोणावळ्याला, घाटमाथ्यावर आहे. आता 1998कडे या. त्या वर्षी अलिबागजवळच्या खांदेरी बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले. खांदेरी हे नाव मात्र मोकळे राहिले नाही : त्या नावाची एक पाणबुडी 1968मध्ये नौदलात आली होती, ती 1989मध्ये निवृत्त झाली आणि 2019मध्ये दुसरी 'खांदेरी' दाखल झाली. म्हणजे गावाचे नाव माणसाला लागले, माणसाचे नाव बेटाला आणि न हलणाऱ्या जहाजाला मिळाले, आणि बेटाचे जुने नाव पाण्याखाली फिरणाऱ्या जहाजावर गेले.

इंग्रजी आडनावांतही हाच प्रवास दिसतो आणि 'रॉस' हे त्याचे नामी उदाहरण आहे. स्कॉटलंडमध्ये रॉस नावाचा प्रदेश आहे, त्या नावाचा संबंध भूशिर या अर्थाच्या गेलिक शब्दाशी लावतात, आणि प्रदेशावरून ते माणसांचे आडनाव झाले. जेम्स क्लार्क रॉस या दर्यावर्दीने 1841मध्ये अंटार्क्टिकात दोन पर्वत पाहिले आणि त्यांना आपल्या 'एरेबस' व 'टेरर' या जहाजांची नावे दिली. त्याचे स्वतःचे आडनाव तेथील समुद्राला, हिमफलकाला आणि बेटाला लागले. अंदमानातही पोर्ट ब्लेअरसमोर रॉस बेट होते, परंतु ते नाव डॅनियल रॉस या सागरी सर्वेक्षकाचे. 2018मध्ये त्याचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामांतर झाले. तरी त्याच द्वीपसमूहात उत्तरेकडे, दिगलीपूरजवळ, दुसरे रॉस बेट आहेच. अल्मोड्यात जन्मलेल्या आणि 1897मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांचा या दोघांच्या बेटांशी काही संबंध नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रँक रॉस यांनी ताऱ्यांची यादी केली, तिच्यातील 'रॉस 128' हा तारा आपल्यापासून सुमारे 11 प्रकाशवर्षांवर आहे. चंद्रावरच्या शांतिसागरात रॉस नावाचे विवर आहे, आणि तेथे तर कमाल झाली आहे : ते एकच विवर जेम्स रॉस आणि फ्रँक रॉस या दोघांच्या स्मरणार्थ आहे. ब्रिटिश अंटार्क्टिक संशोधन जहाजाला नाव देताना मात्र 'जेम्स क्लार्क रॉस' असे पूर्ण नाव दिले गेले, आणि हे आपल्या 'कुठलं?' या प्रश्नाचे आधीच दिलेले उत्तर म्हणावे लागेल. पुढे 2021मध्ये ते जहाज युक्रेनने घेतले आणि त्याचे नावच बदलले.

एवढ्या वाटा फुटत असताना काही आडनावे फोफावतात आणि काही नाहीशी होतात, ती का? इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांना हाच प्रश्न पडला होता. जुनी प्रतिष्ठित घराणी नामशेष होत चालली आहेत, याचे कारण त्या घराण्यांचा कस कमी झाला असे त्या काळी मानले जाई. गाल्टन यांनी 1873मध्ये हे कोडे जाहीरपणे मांडले, हेन्री वॉटसन या धर्मगुरू गणितज्ञाने ते सोडवायला घेतले आणि 1874मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला.

हे गणित घरी दोन नाणी घेऊन करता येते. एक आडनाव, एक पुरुष. दोन नाणी एकदम उडवायची आणि जितके छाप पडतील तितके मुलगे त्याला झाले असे धरायचे. दोन्ही काटे पडले तर आडनाव तिथेच संपले. एक छाप पडला तर एक वारस. दोन पडले तर दोन वारस आणि पुढच्या पिढीत प्रत्येकासाठी पुन्हा दोन नाणी. सरासरी प्रत्येकाला एकच मुलगा होतो, म्हणजे एकूण लोकसंख्या ना वाढते ना घटते. तरीही 100 वेगवेगळ्या आडनावांनी सुरुवात केली, तर पहिल्याच पिढीत सरासरी 25 आडनावे पुसली जातात, चौथ्या पिढीपर्यंत 55 गेलेली असतात आणि दहाव्या पिढीअखेर जेमतेम 26 उरतात. माणसे मात्र सुमारे तितकीच असल्यामुळे उरलेल्या प्रत्येक आडनावाच्या वाट्याला सरासरी चारेक पुरुष येतात. यात कोणाचा कस कमी झालेला नाही, कोणाच्या पुण्याईचा प्रश्न नाही. नाणी उलटी पडली, एवढेच.

वॉटसन यांच्या हातून एक चूक झाली. सरासरी एकाहून अधिक मुलगे होत असले तरी प्रत्येक आडनाव शेवटी नाहीसे होणारच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सरासरी एक किंवा त्याहून कमी असेल तर तो खरा आहे. सरासरी वाढली की मात्र आडनाव कायम टिकण्याची काही शक्यता उरतेच. त्यांच्या समीकरणाला दोन उत्तरे होती आणि त्यांनी एकच पाहिले. मजेची गोष्ट अशी की फ्रान्समध्ये बिएनेमे यांनी 1845मध्येच योग्य उत्तर मांडले होते, पण ते विस्मरणात गेले. पुढे हेच गणित अणुभट्टीतील साखळी प्रक्रियेलाही लागू पडले : तेथे बाप म्हणजे न्यूट्रॉन आणि मुलगे म्हणजे त्याने मोकळे केलेले न्यूट्रॉन.

जेथे आडनावे फार पुरातन आहेत तेथे ती थोडी, आणि जेथे अलीकडची तेथे भरपूर, असे या गणितावरून अपेक्षित आहे, आणि पुष्कळ अंशी तसे दिसतेही. चीनमध्ये शंभरेक आडनावांत बहुसंख्य लोक सामावतात, कोरियात पाचातला एक माणूस किम असतो. उलट जपानमध्ये सर्वसामान्यांना आडनाव सक्तीचे झाले ते 1875मध्ये, आणि तेथे एक लाखाहून अधिक आडनावे आहेत. परंतु पाटलांना हे गणित लावता येणार नाही. पाटील हे आडनाव एका पुरुषापासून वाढलेले नसून गावागावांतील एका वतनाचे नाव आहे. जितकी गावे, तितके स्वतंत्र उगम. कुलकर्णींचेही तेच. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1918मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून तलाठी नेमले, पण वतन गेले तरी आडनाव गेले नाही.

आडनाव आणि रक्त यांची सांगड कितपत घट्ट आहे, हे आता वाय गुणसूत्रावरून तपासता येते, कारण ते बापाकडून मुलाकडेच जाते आणि आडनावाची वाटही बहुधा तीच असते. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी आपल्याच आडनावाच्या, परंतु एकमेकांशी ज्ञात नाते नसलेल्या 48 पुरुषांचे नमुने तपासले आणि 2000मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले : जवळपास निम्म्यांचे वाय गुणसूत्र एकाच घडणीचे निघाले. ब्रिटनमधील नंतरच्या अभ्यासांत असे दिसले की आडनाव जितके दुर्मीळ, तितके हे साम्य अधिक. स्मिथ, म्हणजे लोहार, या आडनावाच्या माणसांत मात्र ते योगायोगाहून फारसे जास्त नव्हते. आपल्याकडच्या पाटलांचा निकालही स्मिथांसारखाच लागेल, असे माझे मत आहे.

निम्मे जुळत नाहीत, याची कारणे दत्तकविधानापासून आईचे आडनाव लावण्यापर्यंत अनेक असतात. त्यांतले एक फार सुंदर उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. सेनापती कापशी हे संताजी घोरपडे यांच्या घराण्याचे गाव. कोल्हापुरी चपलेच्या एका प्रकाराला 'कापशी' म्हणतात तेही याच गावावरून. इचलकरंजी संस्थानचे मूळ पुरुष नारो महादेव जोशी हे संताजींच्या आश्रयाने पुढे आले आणि त्या उपकाराची जाण म्हणून त्यांनी घोरपडे हे आडनाव स्वीकारले. त्यामुळे कापशीचे घोरपडे मराठा आणि इचलकरंजीचे घोरपडे ब्राह्मण. येथे आडनाव कृतज्ञतेपोटी गेले आहे. प्रयोगशाळेला त्याचा पत्ता लागणार नाही. तिला फक्त न जुळणारे नमुने दिसतील.

आडनावांचा असाच वापर चार्ल्स डार्विन यांचे पुत्र जॉर्ज डार्विन यांनी 1875मध्ये केला होता. इंग्लंडमध्ये सख्ख्या भावंडांच्या मुलांची आपसांत किती लग्ने होतात हे त्यांना मोजायचे होते, म्हणून त्यांनी वधूवरांचे आडनाव एकच असलेली लग्ने मोजली. त्यांचे स्वतःचे आईवडीलही अशीच मामेभावंडे-आतेभावंडे होते, पण त्यांची आडनावे डार्विन आणि वेजवुड अशी वेगळी असल्यामुळे नुसत्या आडनावाच्या मोजणीतून ते निसटले असते. म्हणून हिशेबात गुणक घालावा लागतो. नात्याचे चार प्रकार : चुलत, मावस, आणि मामे-आते संबंधाच्या दोन बाजू. यांपैकी चुलतांचेच आडनाव एक असते, म्हणून चारही प्रकार सारखेच घडतात असे मानले तर समान आडनावाची लग्ने एकूण नात्यातील लग्नांच्या चौथ्या हिश्श्याएवढी भरतात. या पद्धतीला आयसॉनिमी म्हणतात आणि 1965मध्ये क्रो व मँज या आनुवंशशास्त्रज्ञांनी तिला पक्के गणिती रूप दिले.

ही पद्धत कोल्हापुरात आणली तर मात्र ती सपशेल फसेल. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होते, आणि चुलत बहीण म्हणजे बहीणच. त्यामुळे आडनावांच्या मोजणीत नात्यातले एकही लग्न सापडणार नाही. उलट पाटील मुलगा आणि पाटील मुलगी यांचे लग्न देवक आणि कूळ वेगळे असल्याची खात्री करून थाटात लागते, आणि मोजणीत नेमके तेच नात्यातले म्हणून धरले जाईल. सोयरीक जुळवणारी वडीलधारी माणसे आडनावावर थांबत नाहीत, देवक विचारतात, कारण आडनावाचा भरवसा किती हे त्यांना पक्के ठाऊक असते.

मजकुरातले नाव नेमके कोणाचे हे ठरवणाऱ्या संगणकाला समोरच्याला असा प्रश्न विचारता येत नाही; त्याला वाक्यातूनच खूण शोधावी लागते. या बाबतीत मराठी मोठी सोयीची भाषा आहे. 'आंग्रेंनी गलबत पकडले' या वाक्यातला अनुस्वार आदरार्थी आहे, आणि आदर माणसाला दिला जातो, तळाला नाही. 'आंग्रेवर बदली झाली' म्हटले, की अनुस्वार गळतो आणि 'वर' हे शब्दयोगी अव्यय जागा दाखवते. कागदावरच्या एका ठिपक्यावर माणूस आणि तळ यांतला फरक उभा असतो. हा ठिपका छापताना राहून गेला, किंवा लिहिणाराने एकेरी उल्लेख केला, तर मात्र यंत्राची वाट चुकते. क्रियापदांचीही मदत होते, पण ती सगळीकडे पुरत नाही. 'आंग्रे बेटाजवळून खांदेरी गेली' हे वाक्य पाणबुडीविषयी आहे हे 'गेली' या शब्दावरून कळते, कारण बेट कुठे जात नाही. 'धुक्यात खांदेरी दिसेना' असे कोणी लिहिले, तर? तिकडच्या बोलण्यात त्या बेटाचे नाव अजून खांदेरीच आहे, आणि पाणबुडी तर दिसू नये म्हणूनच बांधलेली असते.