गिटारला जाड तारा लावताना

इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे तारांचे सेट आकड्याने ओळखतात. नऊचा सेट, दहाचा, अकराचा. हा आकडा म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली. नऊची तार ०.२३ मिलिमीटरची, अकराची ०.२८ची. डोळ्यांना हा फरक जाणवतही नाही, पण नऊचा सेट काढून अकराचा चढवला की गिटार वेगळीच वागू लागते. तारा उंच जातात, ब्रिज, म्हणजे तारा धडावर जिथे टेकतात तो भाग, मागून उचलला जातो, सूर हलतात. त्यात गिटार बिघडलेली नसते. तिचा तोल नव्याने साधायचा असतो, एवढंच.

मारँ मर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६ साली तारेच्या स्वराचा नियम मांडला. स्वर ठरतो तो तारेची लांबी, ताण आणि वजन यांवर. स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर तारेची मोकळी लांबी साडेपंचवीस इंच असते आणि ती बदलत नाही. स्वरही तोच हवा. मग तार जितकी वजनदार, तितका ताण जास्त द्यावा लागतो. तारेचं वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून नऊची पहिली तार साधारण ६ किलोच्या ताणावर सुरात येते, तर अकराची ९ किलोच्या. थेट दीडपट! सहाही तारा धरल्या तर नऊचा सेट मानेला सुमारे ३८ किलोने ओढतो, अकराचा ५० किलोच्याही पुढे जातो.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. तार बोटाने सरकवून स्वर चढवताना, म्हणजे बेंड घेताना, ती किती सरकवायची हे साध्या पोलादी तारेच्या जाडीवर अवलंबून नसतं. बोट तेवढंच सरकतं, फक्त जोर दीडपट लागतो. अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन चक्क तेराच्या तारा वाजवायचा, पण गिटार अर्धा स्वर उतरवून. अर्धा स्वर उतरला की ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. पूर्ण स्वर उतरवला तर अकराची तार जवळपास दहाच्या तारेइतकीच सैल लागते. खालच्या सुरात वाजवणाऱ्यांना जाड तारा लागतात त्या यासाठीच. बारीक तारा तिथे लोंबतात आणि फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटतात.

आता सेटअप. आधी तारा हव्या त्या सुरात आणाव्यात, कारण बाकी सगळी मापं त्या ताणावरच खरी. तरंगत्या, म्हणजे धडाला घट्ट न बसवलेल्या, ब्रिजची गिटार असेल तर पाठीमागचं झाकण उघडावं. आत स्प्रिंगा तारांच्या विरुद्ध ओढत असतात. त्यांच्या पट्टीचे दोन स्क्रू आवळावेत किंवा आणखी एक स्प्रिंग चढवावी, ब्रिज पूर्वीच्या जागी येईपर्यंत. दर वेळी तारा पुन्हा सुरात आणाव्या लागतात. हे काम चिकाटीचं आहे.

मग मान. तिच्या पोटातली पोलादी सळई, ट्रस रॉड, तारांच्या ओढीला तोंड देते. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यूला १९२३ साली तिचं पेटंट मिळालं. तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे धडाला मिळते तिथे दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटरच्या आसपास फट हवी. नुकतीच उतरवलेली नऊची तार इथे मोजपट्टीचं काम करते. ती फटीतून जेमतेम सरकली तर ठीक. फट मोठी दिसली तर रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळायचा, त्याहून जास्त एका वेळी नाही.

नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, विसरू नये. बारीक तारांसाठी कापलेल्या खाचेत जाड तार अडकते आणि खुंटी फिरवताना ‘टिंग’ असा आवाज येतो. खाच थोडी रुंद करावी लागते. तिची खोली मात्र वाढू द्यायची नाही. नटासाठीची कानस आणि सवयीचा हात नसेल तर हे काम कारागिराकडे द्यावं.

ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, जुळली की शेवटी इंटोनेशन, म्हणजे फ्रेटवर दाबलेले स्वर नेमके सुरात आणणं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर, ट्यूनरवर ताडून पाहावा. जाड तार अधिक ताठ असते, त्यामुळे दाबलेला स्वर बहुधा चढा निघतो. तसं झालं तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा तारेचा टेकू, मागे सरकवून तार किंचित लांब करावी. वेटोळं नसलेली तिसरी तार इथे सर्वांत जास्त छळते. तिला वेळ द्यावा. मानेचं लाकूड नवा ताण हळूहळू स्वीकारतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ती फट एकदा पुन्हा तपासावी.