दानात मिळालेलं घर कधीच जात नाही?

"घर दानात मिळालं, हप्ता नाही, म्हणजे आता ते कुणी काढून घेऊ शकत नाही," असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे. पण दानाने मिटते ती फक्त खरेदीची किंमत. मालमत्ता कर, विमा, वीज-पाणी नव्या मालकाकडेच येतं. शिवाय डागडुजी: ढोबळ अंदाज म्हणून घराच्या किमतीच्या १ टक्का दरवर्षी धरतात. काही वर्षं काहीच निघत नाही, मग छत गळायला लागतं आणि सगळं एकदम अंगावर येतं.

कर थकला की व्याज चढतं. पुढे वसुलीसाठी लिलावही होऊ शकतो. घर जाण्याची दुसरी वाट जास्त फसवी. बोजा, म्हणजे कर्ज किंवा देणं, नसलेलं घर तारण ठेवलं की कर्ज चटकन मिळतं, पैसे गाडीत किंवा जुनी देणी फेडण्यात जातात आणि नसलेला हप्ता सुरू होतो. हा दरवेळी उधळेपणा नसतो. पुष्कळदा उत्पन्नच पुरत नाही.

हे घर झेपेल का, ते ताबा घेण्याआधी पडताळून पाहता येतं. दानपत्रात विक्री-तारणाच्या अटी वाचा, नोंदणी कार्यालयात जुना बोजा तपासा. आधीच्या मालकाकडून वर्षभराच्या कर, विमा, वीज-पाण्याच्या पावत्या मागा, त्यात तो १ टक्का मिळवा, बेरजेला १२ ने भागा. तेवढी रक्कम तीन महिने, दर महिन्याला बाजूला टाकून बघा.