एन्कोमिएंदा म्हणजे असिएंदा नव्हे

स्पर्धा परीक्षांच्या नोट्स घ्या नाहीतर जगाच्या इतिहासावरचा एखादा फिरता लेख, हे वाक्य हटकून सापडतं: स्पॅनिश राजाने मेक्सिको आणि पेरूमधल्या जमिनी आपल्या शिलेदारांना जहागिरी म्हणून वाटल्या, त्या जहागिरींना एन्कोमिएंदा म्हणत. पुढच्या परिच्छेदात त्याच जहागिरीची असिएंदा झालेली असते. आणि तिसऱ्या परिच्छेदात १५४२ साली लास कासास नावाच्या पाद्र्याच्या प्रयत्नांनी ती बंदही पडते. ही तिन्ही विधानं चुकीची आहेत आणि तरी वर्षानुवर्षं एकमेकांच्या वह्यांतून उतरवली जातात.

असिएंदा तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. हजारो एकरांची खासगी मालमत्ता. मधोमध वाडा, चॅपेल, कोठारं, बाहेरच्या अंगाला मजुरांची खोपटी. मालक बहुतेक काळ मेक्सिको शहरात किंवा लिमात, कारभार मुनीमाच्या हाती. गहू, मका, ऊस, गुरं, मेंढ्या. विकता येते, गहाण टाकता येते, मुलाबाळांना देता येते. सर्वांत नीट चालवलेल्या असिएंदांपैकी कित्येक जेझुइट पाद्र्यांच्या होत्या, १७६७ मध्ये त्यांना हाकलून देईपर्यंत. जमीनदारी हा शब्द ज्याने ऐकलाय त्याला यात अडण्यासारखं काही नाही.

घोटाळा एन्कोमिएंदात आहे. तिच्या सनदेत लिहिलेलं असे ते एवढंच: अमुक गावचा कासिके, म्हणजे तिथला मूळचा प्रमुख, आणि त्याची माणसं अमुक स्पॅनिश इसमाच्या हवाली केली आहेत. जमिनीवर तिने कसलाही हक्क मिळत नसे. शेतं, रानं, पाणी कायद्याने गावाचंच राहायचं. एन्कोमेंदेरोला, म्हणजे ज्याच्या हवाली गाव केलं त्याला, मिळायचा तो त्या माणसांनी राजाला द्यायचा कर: मका, कापड, टर्की, मिरच्या, कुठे कोको. शिवाय सुरुवातीच्या दशकांत त्यांची मेहनत. बदल्यात त्याने घोडा आणि हत्यारं बाळगून मुलखाचं रक्षण करायचं, गावात धर्मशिक्षणासाठी पाद्री ठेवायचा. एन्कोमिएंदा विकता येत नसे. १५३६ च्या नियमाने ती दोन पिढ्यांपुरती होती, मूळ धनी आणि त्याचा एक वारस. मग परत राजाकडे. घर करायचं ते स्पॅनिश शहरात, आपल्या गावांत मुक्काम ठोकायला पुढे कायद्याने मनाईच झाली. पाळली किती, हा भाग वेगळा.

मराठी वाचकाने खरं तर इथे अडखळू नये. सरंजाम किंवा मोकासा म्हणजे महसुलाची नेमणूक, जमिनीची मालकी नव्हे, हे आपल्याकडे दफ्तरं चाळणाऱ्याला पाठ असतं. पण ‘जहागीर’ म्हटलं की डोळ्यांपुढे वाडा आणि शिवार उभं राहतं आणि तिथेच गाडी घसरते. शिवाय सरंजामातला महसूल मुख्यतः जमिनीच्या पिकावर बसायचा, एन्कोमिएंदातला माणशी. डोकी मोजायची आणि आकारणी करायची. हा ‘डोकी मोजण्याचा’ तपशील लक्षात ठेवा, कारण सगळी मेख तिथे आहे.

मेक्सिकोत १५२० मध्ये देवी आली, १५४५ आणि १५७६ मध्ये आणखी दोन भयंकर साथी आल्या. गावंच्या गावं ओस पडली. आता दोन स्पॅनिश माणसं शेजारी उभी करा. पहिल्याकडे एन्कोमिएंदा आहे: माणसं मेली की त्याचं उत्पन्न घटतं. गाव नवी मोजणी मागतं, अधिकारी येतात, आकडा खाली येतो. दुसऱ्याला जमीन हवी आहे: माणसं मेली की त्याचा रस्ता मोकळा होतो. पडीक झालेलं रान राजाचं ठरवून सरकार ते दान म्हणून वाटू लागलं. उरलेल्या विखुरलेल्या वस्त्या उचलून एका मोठ्या गावात कोंबायची मोहीम १६०० च्या आसपास जोरात चालली, तशी मागची आणखी शेतं रिकामी झाली. मेंढरं आणि गुरं मक्याच्या उभ्या पिकात शिरत होतीच. मेस्किताल खोऱ्यासारख्या भागात तर शेतीची जागा कुरणांनी घेतली. आणि ज्यांनी जमीन सरळ बळकावली होती त्यांच्यासाठी १५९१ पासून सोय झाली: सरकारी तिजोरीत रक्कम भरा, कब्जा कायदेशीर करून घ्या. असिएंदा बहुतांशी अशी जमली: थोडी दान, थोडी खरेदी, थोडी दडपून घेतलेली.

म्हणजे एन्कोमिएंदा जिवंत गावावर जगायची आणि असिएंदा गाव खचल्यावर वाढायची. एकाच परिच्छेदात दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरणाऱ्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते. मग मूळ रहिवाशांची जमीन केव्हा आणि कशी गेली, याचं उत्तर ‘विजयाच्या दिवशी, तलवारीने’ असं सोपं होऊन बसतं. मध्य मेक्सिकोत ती बरीचशी पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत गेली, आणि कागदांनी गेली.

यावरून एन्कोमेंदेरो दयाळू होता असा अर्थ कुणी काढू नये. कॅरिबियनमध्ये याच पद्धतीने ताइनो लोकांना सोन्याच्या खाणींत जुंपलं. इस्पानिओला बेटावर १५१४ च्या वाटपात सुमारे २६,००० माणसं मोजली गेली; शतक अर्ध्यावर येईतो वाटण्यासारखं फारसं कुणी उरलं नव्हतं. जगवण्यात हित असणं निराळं, जगवणं निराळं.

तरीही गाव गाव म्हणून टिकून होतं, याला महत्त्व होतं. आजच्या मेक्सिकोतल्या पुएब्ला राज्यातलं वेहोत्सिंगो हे मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसच्या एन्कोमिएंदातलं गाव. तो स्पेनला गेलेला असताना तिथला कारभार पाहणाऱ्या नुन्यो दे गुस्मान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गावावर भलताच कर लादला. कोर्तेस परतल्यावर १५३१ मध्ये खटला उभा राहिला आणि गावकऱ्यांनी पुरावा म्हणून चित्रं दाखल केली: विटा, चुना, कापडाचे गठ्ठे, मिरच्या, मका, आणि मेरीचं सोन्या-पिसांनी मढवलेलं निशाण. त्या निशाणासाठी सोनं-पिसं घ्यायला गावाने विकलेले गुलामही त्यात काढलेले आहेत. ही चित्रं आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. असिएंदावरचा मजूर असा पुरावा घेऊन कुठे जाणार? तो एकटा असतो, त्याचा हिशेब मालकाच्या वहीत असतो, आणि त्याचं गाव बहुधा त्याच मालकाच्या कुंपणाआड गेलेलं असतं.

मजुरांना बांधून ठेवायचं ते उचल देऊन. ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको. फक्त एक भर: वसाहतकाळात मजूरच दुर्मीळ असल्याने अनेक ठिकाणी मजूर स्वतःहून मोठी उचल मागून घेत आणि मालक ती देत, कारण नाही दिली तर माणूस शेजारच्या असिएंदावर जाई. कर्जाचा फास आवळला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, युकातानच्या घायपातीच्या मळ्यांवर सर्वांत क्रूरपणे. मालकाच्याच दुकानातून खरेदी, मालकाच्याच वहीत नोंद हे प्रसिद्ध चित्र त्या काळाचं आहे. ते सोळाव्या शतकाला डकवणं माझ्या लेखी अक्षम्य आहे.

रेपार्तिमिएंतोचाही काही जण यात काला करतात. तिथे ना गाव हवाली होतं ना जमीन मिळते. सरकार गावाकडून पाळीपाळीने माणसं मागवून खाणीला, शेताला, बांधकामाला पुरवतं आणि तुटपुंजी मजुरी ठरवून देतं. पेरूतली मिता ही त्यातलीच, इंकांच्या जुन्या पद्धतीवर बेतलेली. व्हाइसरॉय तोलेदोने १५७० च्या दशकात पोतोसीच्या चांदीसाठी वर्षाला सुमारे १३,५०० माणसांचा बंदोबस्त केला. कायद्याने ती १८१२ मध्ये संपली. वेठबिगारी म्हणायची तर हिला म्हणा.

आता ते १५४२. त्या सालच्या नव्या कायद्यांनी नव्या एन्कोमिएंदा बंद केल्या आणि जुन्या धनी मेल्यावर राजाकडे जातील असं ठरवलं, हे खरं. लास कासासने स्वतःची एन्कोमिएंदा १५१४ मध्येच क्युबात सोडली होती, हेही खरं. पण पेरूत चिडलेल्या एन्कोमेंदेरोंचा पुढारी गोन्सालो पिसारो याने बंड केलं, व्हाइसरॉय नुन्येस वेला १५४६ मध्ये लढाईत मारला गेला, आणि त्याआधीच, १५४५ मध्ये, राजाने वारसाबाबतचं कलम मागे घेतलं होतं. खरा घाव १५४९ चा: एन्कोमेंदेरोने मेहनत घ्यायची नाही, फक्त कर. म्हणून हात लावायला माणसं हवी असलेल्यांनी रेपार्तिमिएंतोकडे आणि पुढे पगारी-कर्जबाजारी मजुरांकडे मोर्चा वळवला. एन्कोमिएंदा सुकत सुकत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रद्द झाली, युकातानमध्ये तर १७८० च्या दशकापर्यंत तग धरून राहिली.

गोंधळाला एक आधार आहे, तो नाकारत नाही. कित्येक एन्कोमेंदेरोंनी आपल्याच गावांजवळ वेगळ्या दानपत्राने किंवा पैसे मोजून जमीन घेतली आणि गावातली माणसं तिच्यावर राबवली. धनी एकच, हक्क दोन, कागद दोन. कोर्तेसला तर १५२९ मध्ये ओआहाकाच्या खोऱ्याचा मार्केस (उमरावाची पदवी) करून २३,००० रयत न्यायनिवाड्याच्या अधिकारासह दिली गेली, आणि ती वंशपरंपरागत. जहागीर शब्द वापरायचाच असेल तर तो इथे शोभतो, पण कोर्तेस हा अपवाद होता. अपवादावरून नियम लिहू नये.

जमीन गावाची होती याचे कागद पुढेही गावांनी सोडले नाहीत. मोरेलोसमधल्या आनेनेकुइल्को गावाने १९०९ मध्ये पुढे मेक्सिकन क्रांतीतला शेतकऱ्यांचा पुढारी ठरलेल्या एमिलियानो सापाताला गावप्रमुख निवडलं, तेव्हा शेजारची ऊस पिकवणारी असिएंदा त्यांची शेतं गिळत होती आणि गावकऱ्यांच्या हाती वसाहतकाळातले दस्त होते. १९११ च्या नोव्हेंबरात त्याने काढलेल्या आयालाच्या जाहीरनाम्यात हिरावलेल्या जमिनी त्या दस्तांच्या आधारे परत घ्याव्यात असं कलम आहे. मेक्सिकोच्या १९१७ च्या संविधानाच्या २७ व्या कलमाने वाटपाची वाट उघडली, मोठं वाटप १९३४ नंतर राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनासच्या राजवटीत झालं. पेरूत असिएंदा मोडायला १९६९ उजाडावं लागलं.