हेमिडेस्मोसोम म्हणजे अर्धा डेस्मोसोम नव्हे

वायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘हेमिडेस्मोसोम म्हणजे काय?’ विचारलं की उत्तर तयार असतं: ‘अर्धा डेस्मोसोम.’ मुळात नावच फसवं. डेस्मोसोम म्हणजे पेशीला पेशी जोडणारा सांधा, हेमिडेस्मोसोम म्हणजे पेशीला तिच्या खालच्या आधाराशी जोडणारा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो खरंच मधोमध कापलेल्या डेस्मोसोमसारखा दिसतो, पण पकड घेणारं एकही प्रथिन दोघांत सामाईक नाही.

डेस्मोसोम तुम्हाला येतोच. दोन पेशींच्या मध्ये डेस्मोग्लिन आणि डेस्मोकोलिन ही कॅडहेरिन घराण्यातली प्रथिनं, आत प्लाकोग्लोबिन, प्लाकोफिलिन, मग डेस्मोप्लाकिन ही जोडणारी प्रथिनं, आणि त्याला बांधलेलं केराटिन, म्हणजे पेशीच्या सांगाड्याचे तंतू. अ‍ॅडहेरेन्स जंक्शन हा पेशींमधला दुसरा सांधाही कॅडहेरिनचाच, फक्त ते कॅडहेरिन कॅटेनिन या जोड-प्रथिनांमार्फत सांगाड्याच्या दुसऱ्या तंतूंना, म्हणजे अ‍ॅक्टिनला बांधलेलं. पुढे चला.

जून-जुलैच्या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत गोव्यातल्या मालीम जेटीवर ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले असतात. ट्रॉलरला ट्रॉलर जोडणारा दोर आणि कडेच्या ट्रॉलरला जेटीशी जोडणारा दोर हे दोन वेगळे. दुसरा पहिल्याचा अर्धा तुकडा, असं कोणी खलाशी म्हणणार नाही. डेस्मोसोम म्हणजे पहिला दोर, हेमिडेस्मोसोम म्हणजे दुसरा. पण बोटीवर दोन्ही दोर सांगाड्यात घट्ट बसवलेल्या खुंटालाच बांधावे लागतात. नुसत्या फळीला बांधलात तर वाऱ्याच्या पहिल्या झोतात फळी उखडते. पेशीचं आवरण तर त्याहून लेचंपेचं, रेणूंच्या दोन थरांचा तेलकट पापुद्रा. त्यातलं प्रथिन आतल्या सांगाड्याला जखडलेलं नसेल तर ओढ बसताच उपटून येईल. या दोन्ही सांध्यांत तो सांगाडा केराटिनचाच, आणि घोळ इथेच होतो: आतली बाजू सारखी, म्हणून बाहेरचीही सारखी असं धरून चालतात.

बाहेर मात्र सगळंच निराळं. हेमिडेस्मोसोम असतो त्वचेच्या सर्वांत खालच्या, म्हणजे तळपेशीच्या बुडाशी. तिथे शेजारची पेशी नसते, आधारपटल म्हणजे पेशींखालचा प्रथिनांचा पातळ थर असतो. पकड घेतात आवरणात रोवलेली दोन प्रथिनं: अल्फा ६ बीटा ४ इंटिग्रिन आणि बीपी १८०, म्हणजेच कोलाजेन १७. बाहेर ती आधारपटलातलं लॅमिनिन ३३२ धरतात. आत प्लेक्टिन आणि बीपी २३० त्यांना केराटिन ५ व १४ च्या तंतूंशी बांधतात. प्लेक्टिन, बीपी २३० आणि डेस्मोप्लाकिन तिघंही प्लाकिन घराण्यातली. साम्य असलंच तर एवढं चुलत नातं.

‘इंटिग्रिन म्हणजे टॅलिन, टॅलिन म्हणजे अ‍ॅक्टिन’ ही घोकंपट्टी (इंटिग्रिन टॅलिन या प्रथिनामार्फत अ‍ॅक्टिनला बांधलेलं असतं) इथे आडवी येते. इंटिग्रिन अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचं असतं. बहुतेक बीटा साखळ्यांचं पेशीतलं शेपूट ४० ते ७० अमिनो आम्लांचं, बीटा ४ चं मात्र हजारावर. त्या लांब शेपटालाच प्लेक्टिन धरतं. आकृतीत हेमिडेस्मोसोमला अ‍ॅक्टिन जोडलेलं दिसलं की सरळ गुण कापावेत. केराटिनचा तंतू आवरणातून आरपार शेजारच्या पेशीत गेलेला दाखवला तरीही. तो पलीकडे जात नाही, आवरणाच्या आतल्या बाजूच्या प्रथिनांच्या चकतीशी अडकलेला असतो.

फरक डोळ्यांनी पाहायचा तर पेम्फिगस व्हल्गॅरिस या फोड येणाऱ्या आजाराची स्लाइड लावा. डेस्मोग्लिन ३ विरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे पेशी एकमेकींपासून सुटतात आणि फोड तळपेशींच्या लगेच वर फुटतो. पण तळपेशी जागच्या हलत नाहीत. आजूबाजूंनी सुटलेल्या असूनही बुडाशी घट्ट, चर्चलगतच्या दफनभूमीतल्या थडग्यांच्या रांगेसारख्या उभ्या राहतात. हेमिडेस्मोसोम खरंच अर्धा डेस्मोसोम असता तर डेस्मोग्लिनवरच्या हल्ल्यात तोही सुटला असता. बुलस पेम्फिगॉइड या फोडांच्या दुसऱ्या आजारात उलटं होतं: बीपी १८० वर हल्ला, आणि अख्खी बाह्यत्वचा एका पापुद्र्यासारखी वर उचलली जाते. म्हणून पेम्फिगसचे फोड मऊ आणि लगेच फुटणारे, बहुधा तोंडातही. पेम्फिगॉइडचे टणक, आणि रुग्ण सहसा वयस्कर. केराटिन ५ किंवा १४ मध्येच जन्मजात दोष असला तर दोन्ही दोर शाबूत राहतात आणि बोटच फुटते, म्हणजे तळपेशी मधून फाटते.

या आजारांच्या तपासणीत त्वचेचा तुकडा हमखास चुकीचा जातो. इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी, म्हणजे त्वचेतली प्रतिपिंडं चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी, फोड नव्हे, फोडाच्या कडेपासून १ सेंमीच्या आतली अखंड त्वचा घ्यायची. ती फॉर्मॅलिनमध्ये टाकायची नाही, नाहीतर प्रतिपिंडं दिसत नाहीत. मिशेल माध्यमात, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, पाठवायची, ते नसेल तर साध्या सलाइनमध्ये, २४ तासांच्या आत. पेशींभोवती मासेमारीच्या जाळ्यासारखी चमक आली तर डेस्मोसोमवर हल्ला, आधारपटलाशी सरळ रेघ आली तर त्या पट्ट्यावर. रेघ आली म्हणून लगेच हेमिडेस्मोसोम लिहून मोकळं होऊ नये. १ मोलार मिठाच्या पाण्यात त्वचेचे थर सुटे करून पुन्हा पाहावं: रेघ वरच्या थराला चिकटून आली तर बहुधा पेम्फिगॉइड, खालच्या थरावर राहिली तर हल्ला कोलाजेन ७ किंवा लॅमिनिन ३३२ वर.