हांगझोऊच्या सुवर्णामागची एक्केचाळीस वर्षं

७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊत सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि चिराग शेट्टी यांनी दक्षिण कोरियाच्या चोई सोल-ग्यू आणि किम वॉन-हो यांना २१-१८, २१-१६ असं हरवलं. आशियाई क्रीडा स्पर्धेतलं भारताचं बॅडमिंटनमधलं हे पहिलंच सुवर्णपदक. पुरुष, महिला, एकेरी, दुहेरी, सांघिक असं सगळं जमेस धरूनही पहिलंच. या विजयाबद्दल बोलताना १९८२ सालचा उल्लेख मात्र बहुधा एका ओळीत उरकला जातो: पुरुष दुहेरीत भारताला याआधी एकच पदक मिळालं होतं, प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांचं कांस्य. त्या दोन पदकांमधल्या ४१ वर्षांत काय घडलं आणि काय घडायचं राहून गेलं, हे पाहिल्याशिवाय हांगझोऊच्या सुवर्णाचं मोल कळत नाही.

बॅडमिंटन आशियाई स्पर्धेत आलं ते १९६२ साली, जकार्तात. पुरुष दुहेरीचं पहिलं सुवर्ण मलायाच्या (म्हणजे पुढच्या मलेशियाच्या) टॅन यी खान आणि एंग बून बी या जोडीने जिंकलं आणि चार वर्षांनी बँकॉकला त्यांनीच ते राखलं. १९७० मध्ये एंग बून बी पंच गुणालनला साथीला घेऊन पुन्हा जिंकला. त्यानंतर मलेशियाला तब्बल ३६ वर्षं थांबावं लागलं. २००६ च्या दोहा स्पर्धेत कू किएन किट आणि टॅन बून हिओंग या विशीच्या आसपासच्या पोरांनी तो दुष्काळ संपवला.

मधल्या काळात राज्य होतं इंडोनेशियाचं. त्जुन त्जुन आणि योहान वाह्युदी, ख्रिस्तियन हादिनाता आणि आदे चंद्रा, रिकी सुबाग्जा आणि रेक्सी मैनाकी, पुढे मार्किस किडो आणि हेंद्रा सेतियावान. एक जोडी थकायच्या आत दुसरी तयार. कोरियाने १९८६ आणि २००२ साली आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर सुवर्ण घेतलं. चीनला ते मिळालं फक्त एकदा, १९९० च्या बीजिंग स्पर्धेत. म्हणजे हांगझोऊपूर्वीच्या १५ स्पर्धांत हे सुवर्ण चारच देशांत फिरलं होतं, त्यातली आठ इंडोनेशियाची. भारत पाचवा.

दुहेरीत आशियाई स्पर्धा म्हणजे जवळपास जागतिक स्पर्धाच, हे इथे सांगायला हवं. १९९२ साली बॅडमिंटन ऑलिंपिकमध्ये अधिकृतपणे आलं. तेव्हापासून २०२४ पर्यंत पुरुष दुहेरीचं प्रत्येक ऑलिंपिक सुवर्ण आशियाई जोडीलाच मिळालं आहे. युरोपातून सातत्याने टक्कर दिली ती मुख्यतः डेन्मार्कने. त्यामुळे आशियाई स्पर्धेचा ड्रॉ राष्ट्रकुलपेक्षा कितीतरी अवघड असतो.

आता दिल्ली, १९८२. एशियाडसाठी शहराचा चेहरामोहरा बदलला, नवी स्टेडियम उभी राहिली, रंगीत टीव्ही आला. त्या स्पर्धेत भारतीय बॅडमिंटनने पाच कांस्यपदकं मिळवली: सय्यद मोदींचं एकेरीत, डिसा आणि कंवल ठाकूर सिंग यांचं मिश्र दुहेरीत, दोन्ही सांघिक गटांत आणि गंधे-डिसा यांचं पुरुष दुहेरीत. आशियाई स्पर्धेत कांस्यपदकाची वेगळी लढत नसते, उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही पदक मिळतं. म्हणून काही जण या कांस्याला कमी लेखतात. मला ते पटत नाही. त्या वर्षीचं सुवर्ण ज्याने जिंकलं तो हादिनाता १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये, बॅडमिंटन प्रदर्शनीय खेळ असताना, दुहेरीत पहिला आला होता. १९७८ चं आशियाई सुवर्ण त्याच्याच नावावर. १९८२ ला साथीदार बदलला, इकुक सुगियार्तो आला, आणि सुवर्ण पुन्हा हादिनाताकडेच गेलं. असे खेळाडू मैदानात असताना मुंबईच्या गंधेंनी डिसांसह पहिल्या चार जोड्यांत जागा मिळवली. गंधेंना ध्यानचंद पुरस्कार मिळाला तो थेट २०२० मध्ये.

त्या कांस्यानंतर दुहेरीची पुढची फळी उभी राहायला हवी होती. ती राहिली नाही, कारण आपल्याकडे दुहेरी हा एकेरीचा जोडधंदा मानला जात होता. प्रकाश पडुकोण यांचं १९८० चं ऑल इंग्लंड विजेतेपद, पुलेला गोपीचंद यांचं २००१ चं, मग सायना नेहवाल, मग पी. व्ही. सिंधू. आपले नायक एकेरीचे, अकादम्या एकेरीच्या, प्रशिक्षकही एकेरीचेच. मोठं पदक दुहेरीतही येऊ शकतं हे आधी दाखवून दिलं ते महिलांनी. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी २०१० मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०११ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. दुहेरीकडे होणाऱ्या दुर्लक्षाबद्दल ज्वाला उघडपणे बोलत राहिली. तिचं म्हणणं खरं होतं.

एकेरीचा चांगला खेळाडू आपोआप दुहेरीत चालत नाही, त्याचं कारण कोर्टाच्या आखणीतच आहे. दुहेरीचं कोर्ट ६.१० मीटर रुंद, एकेरीचं ५.१८. पण सर्व्हिससाठी दुहेरीत मागची रेषा ७६ सेंटिमीटर आत येते. म्हणजे फूल (शटल) उंच, लांब मारून सर्व्हिस करायची सोय जवळजवळ उरत नाही. तसं केलं की समोरचा एक पाऊल मागे जाऊन स्मॅश ठोकतो. म्हणून सर्व्हिस नेटला चाटून जाईल अशी, बॅकहँडने, बोटांच्या ताकदीवर करावी लागते. समोरचा खेळाडू रॅकेट उंच धरून पुढच्या रेषेला जवळपास चिकटून उभा असतो. सर्व्हिस दोन बोटं वर गेली तरी फूल छातीवर परत येतं. सर्व्हिस, तिचं उत्तर आणि त्यावरचा फटका, या तीन फटक्यांत कोण चढाई करणार हे ठरून जातं. त्यात दोघांची हालचाल: चढाईत एक पुढे एक मागे, बचावात दोघं शेजारी शेजारी. हा बदल रॅलीत अनेकदा आणि न बोलता व्हावा लागतो. २००६ पासून प्रत्येक रॅलीला गुण सुरू झाल्यावर चुकलेली सर्व्हिस म्हणजे सरळ प्रतिस्पर्ध्याला बहाल केलेला गुण. एकेरीचा सराव आटोपून संध्याकाळी अर्धा तास दुहेरी खेळून हे हाताला बसत नाही.

हे बदललं ते २०१५ नंतर, मलेशियाचे टॅन किम हर दुहेरीचे प्रशिक्षक म्हणून भारतात आले तेव्हा. आंध्रच्या अमलापुरमचा सात्विक आणि मुंबईचा चिराग यांची जोडी त्यांनीच जमवली. चिराग गोरेगावच्या उदय पवार अकादमीत तयार झालेला. भारताकडून खेळलेल्या पवारांनी मुंबईत दुहेरीची कदर जपली, याचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं. दोन्ही मुलं उंच आणि दोघंही कोर्टाच्या मागच्या भागातून स्मॅश मारणारी. मग नेटवर कोण खेळणार? सुरुवातीला त्या दोघांनाच ही जोडी पटली नव्हती. टॅन मात्र अडून राहिले. हळूहळू चिरागने पुढची बाजू आपलीशी केली आणि मागून सात्विकची तोफ मोकळी झाली.

२०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्य मिळालं, त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मात्र पदकाच्या जवळही जाता आलं नाही. सगळ्यात जिव्हारी लागला तो टोकियो ऑलिंपिकचा निकाल. गटातल्या पहिल्याच सामन्यात त्यांनी तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांना २१-१६, १६-२१, २७-२५ असं हरवलं. तीनपैकी दोन सामने जिंकले. तरीही तीन जोड्यांचे विजय सारखे झाले, जिंकलेल्या-हरलेल्या गेमचा हिशेब झाला आणि आपली जोडी बाहेर पडली. ज्यांना हरवलं होतं त्याच ली-वांगने पुढे सुवर्ण जिंकलं. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं, पण तो हिशेब आजही मनाला लागतो.

टोकियोच्या आधीच, २०२१ मध्ये, डेन्मार्कचे मथियास बो प्रशिक्षक म्हणून आले होते. बो स्वतः दुहेरीतले, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचे रौप्यपदक विजेते. मे २०२२ मध्ये भारताने बँकॉकला १४ वेळच्या विजेत्या इंडोनेशियाला ३-० ने हरवून थॉमस कप, म्हणजे पुरुषांची सांघिक जागतिक स्पर्धा, पहिल्यांदा जिंकला, त्यातला दुहेरीचा सामना याच जोडीने काढला. त्याच ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल सुवर्ण आणि टोकियोत जागतिक कांस्य. २०२३ मध्ये दुबईत आशियाई अजिंक्यपद (आशियाई क्रीडा स्पर्धेहून वेगळी, फक्त बॅडमिंटनची स्पर्धा) मिळालं. त्याआधी हा मान भारतातर्फे फक्त दिनेश खन्ना यांना, १९६५ साली एकेरीत, मिळाला होता. मग जूनमध्ये इंडोनेशिया ओपन. तिथल्या अंतिम फेरीत हरवलेले मलेशियाचे आरॉन चिया आणि सोह वूई यिक तोवर या जोडीला सतत भारी पडत आले होते.

हांगझोऊत उपांत्य फेरीत पुन्हा तेच चिया-सोह समोर आले आणि सरळ दोन गेममध्ये हरले. अंतिम सामन्यात पहिल्या गेममध्ये आपली जोडी १५-१८ अशी मागे होती. तिथून सलग सहा गुण. माझ्या मते हांगझोऊचं सुवर्ण त्या सहा गुणांत जिंकलं गेलं. तीन दिवसांनी जाहीर झालेल्या जागतिक क्रमवारीत दोघं पहिल्या स्थानावर होते.

त्याच स्पर्धेतली आणखी एक लढत लक्षात ठेवायला हवी. १ ऑक्टोबरला पुरुष सांघिक गटाच्या अंतिम फेरीत भारत चीनविरुद्ध २-० ने पुढे होता. लक्ष्य सेन जिंकला होता, सात्विक-चिराग जिंकले होते. दुखापतीमुळे एच. एस. प्रणॉय खेळू शकला नाही, पुढचे तिन्ही सामने गेले आणि रौप्य हाती आलं. त्या तीन सामन्यांत एक दुहेरीचा होता, आणि तो आपल्या दुसऱ्या जोडीचा. सांघिक लढतीत दुहेरीच्या दोन जोड्या लागतात. इंडोनेशियाकडे त्या नेहमी असतात: २०१८ च्या जकार्ता स्पर्धेत पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यात नेटच्या दोन्ही बाजूंना त्यांचेच खेळाडू होते.