लष्करी ट्रेलरचे कॅम्पिंग ट्रेलरमध्ये रूपांतर

लष्कराने निकाली काढलेला दोनचाकी मालवाहू ट्रेलर विकत घ्यायचा, त्याची डागडुजी करायची आणि त्यावर तंबू, चूल, पाणी व वीज बसवून तो जीपमागे कच्च्या वाटांवर मुक्कामाला न्यायचा, अशी ही प्रथा आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया ह्या देशांत ती आढळते. ती सर्वाधिक रुजली अमेरिकेत, आणि तिथल्या हौशी लोकांचा सर्वांत आवडता ट्रेलर म्हणजे पाव टनी एम ४१६. ह्या नोंदीत मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

पूर्वपीठिका : जीप आणि तिचा ट्रेलर ही जोडी दुसऱ्या महायुद्धात जमली. जीपचा पहिला नमुना अमेरिकन बँटम कार कंपनीने सप्टेंबर १९४० मध्ये मेरिलंडमधील कॅम्प होलाबर्ड येथे लष्कराच्या हवाली केला. मात्र एवढ्या छोट्या कारखान्याला लाखोंनी गाड्या पुरवता येणार नाहीत असे लष्कराने ठरवले आणि मोठी कंत्राटे विलिस व फोर्ड यांना दिली. बँटमच्या वाट्याला आले जीपमागे जोडायचे पाव टनी ट्रेलर. जीप जिने घडवली त्या कंपनीला युद्धात जीपमागचा गाडा करत बसावे लागले. पण तो गाडा तिने उत्तम केला. त्याचा पत्र्याचा हौदा जलरोधक होता आणि तळाशी पाणी सोडायला बुचे होती. बुचे घट्ट बसवली की रिकामा ट्रेलर नदीत तरंगत असे.

युद्धानंतर एम १०० आणि १९६० च्या दशकात एम ४१६ हे त्याच वळणाचे ट्रेलर आले. एम ४१६ हा एम १५१ ह्या जीपसाठी केलेला होता. ह्या जीपची पुढे वेगळीच गत झाली. तिच्या मागच्या चाकांच्या स्वतंत्र झुलाव्यामुळे (सस्पेन्शन) वेगात वळण घेताना ती उलटे. अशी गाडी सामान्य नागरिकाच्या हाती जाऊ नये म्हणून निवृत्त एम १५१ चे तुकडे करूनच भंगार विकले जाई. ट्रेलरला हा नियम लागू नव्हता. गाडी कापली गेली आणि तिचा गाडा मात्र धडधाकट बाजारात आला. पुढे हौशी लोकांनी तो सीजे ह्या नागरी मालिकेतल्या जीप आणि त्यांच्यानंतरची रँग्लर जीप यांच्यामागे जोडला.

खरेदी : अमेरिकी लष्कराचा निरुपयोगी ठरलेला माल डीएलए डिस्पोझिशन सर्व्हिसेस हे सरकारी खाते निकाली काढते. वाहने व ट्रेलर यांचा लिलाव ठेकेदार कंपन्यांमार्फत होतो. रस्त्यावर चालवायच्या वस्तूसाठी एसएफ ९७ नावाचा सरकारी दाखला लागतो. त्याच्या आधारे राज्याच्या वाहन खात्याकडून मालकीचा कागद मिळतो. अनेक जुने एम ४१६ लिलावातून थेट न येता शेतकरी, शिकारी किंवा भंगारवाला अशा दोन-तीन हातांतून फिरून येतात आणि हा दाखला वाटेत कुठे तरी गहाळ झालेला असतो. त्यामुळे सौदा ठरवण्याआधी ट्रेलरवरची धातूची पाटी शाबूत आहे का, तिच्यावरचा क्रमांक वाचता येतो का, हे बघणे गंजापेक्षाही महत्त्वाचे ठरते. गंज काढता येतो, मालकी सिद्ध करायला कधी कधी महिने जातात.

प्रकार : एम ४१६ रिकामा सुमारे २६० किलो भरतो. त्याची लांबी दांड्यासह पावणेतीन मीटरच्या आसपास आणि रुंदी साधारण दीड मीटर. ‘पाव टनी’ म्हणजे अमेरिकी टनाचा चौथा हिस्सा, ५०० पौंड किंवा सुमारे २२७ किलो माल. चाकाच्या पाच बोल्टांची मांडणी जुन्या सीजे जीपशी जुळते. हे साम्य ह्या ट्रेलरच्या लोकप्रियतेचे एक ठोस कारण आहे, कारण जीपची चाके तशीच ट्रेलरला बसतात आणि एकच स्टेपनी दोघांना पुरते.

त्याच्यावरचा एम १०१ हा पाऊण टनी. तो मूळचा एम ३७ ह्या डॉज ट्रकमागचा. त्याला मागे फाळका आहे, हौदा ऐसपैस आहे आणि त्यात पूर्ण स्वयंपाकघर मावते. मात्र तो रिकामाच सहाशे किलोंच्या घरात असल्याने छोट्या जीपला जड जातो. कॅनडाच्या लष्कराने ह्याच्या स्वतःच्या आवृत्त्या वापरल्या आणि तिथे त्यांची रूपांतरे पुष्कळ दिसतात. हम्व्ही ह्या अमेरिकी लष्करी गाडीमागचे एम ११०१ व एम ११०२ हे ॲल्युमिनियमच्या हौद्याचे, अलीकडचे आणि सुस्थितीत मिळणारे. त्यांची चाके हम्व्हीच्याच रेषेत धावावीत अशी रुंदी ठेवलेली आहे. हम्व्ही असामान्य रुंद असल्याने साध्या जीपने फोडलेल्या वाटेत ह्या ट्रेलरची चाके कडेच्या झुडपांत आणि दगडांत घुसतात. ब्रिटनमध्ये लँड रोव्हरमागचे सँकी ट्रेलर हीच भूमिका बजावतात.

चाके, आस व पाटे : रूपांतराचा आरंभ तंबूपासून करण्याचा मोह सर्वांना होतो, पण काम खालून वर जाते. वर्षानुवर्षे एका जागी उभ्या राहिलेल्या ट्रेलरचे ग्रीस सुकून खडे झालेले असते आणि बेअरिंगला गंजाचे डाग पडलेले असतात. हब उघडून बेअरिंग धुणे, शंका असल्यास बदलणे, नवीन सील व ग्रीस घालणे हे पहिले काम. त्यानंतर पाटे, म्हणजे आसाला जोडलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा. लष्करी पाटे पूर्ण भारासाठी घडवलेले असल्याने हलक्या मालाखाली ट्रेलर दगडांवर उड्या मारतो. काही जण एखादा पाटा काढून टाकतात, काही शॉक ॲब्सॉर्बर बसवतात. उंची वाढवण्यासाठी पाटे आसाच्या वर घेण्याचीही पद्धत आहे. त्याने मोठी चाके बसतात पण गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि त्यावर तंबू चढला की आडव्या उतारावर ट्रेलर कलंडण्याची भीती वाढते.

जोडणी : लष्करी ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाला जाड लोखंडी कडे असते आणि गाडीला जबड्यासारखा मिटणारा हुक, ज्याला पिंटल म्हणतात. कडे हुकात सैल फिरते, त्यामुळे गाडी एका अंगाला आणि ट्रेलर दुसऱ्या अंगाला कलला तरी दांडा पिळवटत नाही. घरगुती ट्रेलरच्या गोळा-वाटी जोडणीला एवढा पीळ सोसत नाही. खडकाळ वाटेसाठी लष्कराची ही युक्ती अजून जुनी झालेली नाही. तिचा दोष एकच, खडखडाट. सैलपणामुळे ब्रेक दाबला की ट्रेलर मागून धक्का देतो आणि डांबरी रस्त्यावर दिवसभर हे सोसणे त्रासाचे होते. म्हणून अनेक जण कडे काढून तिन्ही दिशांना वळणारी आधुनिक जोडणी बसवतात. ऑस्ट्रेलियात निघालेली, पॉलियुरेथेनच्या ठोकळ्याची ट्रेग ही त्यांतली जुनी. कोणतीही जोडणी असली तरी सुरक्षा-साखळ्या दोन हव्यातच.

दिवे : लष्करी वीजव्यवस्था २४ व्होल्टची आणि प्लग बारा पिनांचा असतो. जीप १२ व्होल्टची. जुन्या वायरिंगला जोडण्या देत बसण्यापेक्षा ते उपटून नवे घालणे स्वस्त पडते. शत्रूला न दिसण्यासाठी केलेले मिणमिणते दिवे शोभेपुरते ठेवता येतात. ब्रेक, वळण आणि नंबरप्लेट यांचे दिवे नवीन लागतात. मूळ एम ४१६ ला धावताना लागणारे ब्रेक नाहीत. किती वजनानंतर ट्रेलरला ब्रेक सक्तीचे, हे राज्यागणिक वेगळे आहे.

रंग : हा भाग बहुतेक जण उरकून टाकतात आणि तोच सर्वांत घातक आहे. १९८० च्या दशकापासून अमेरिकी लष्कराने रासायनिक अस्त्रांचे द्रव शोषून न घेणारा पॉलियुरेथेन रंग वापरला. तो घासला, जाळला किंवा त्यावर वेल्डिंग केले की आयसोसायनेट ह्या विषारी रसायनांचा धूर निघू शकतो. खालच्या जुन्या प्रायमरमध्ये क्रोमियमची घातक संयुगे आणि त्याहून जुन्या रंगांत शिसे असते. त्यामुळे ग्राइंडर लावण्याआधी योग्य गाळणीचा मुखवटा, ओला घास आणि उघडी जागा ह्या गोष्टी हव्यात. घरालगतच्या गॅरेजमध्ये, मुले ये-जा करत असताना हे काम करू नये. जिथे वेल्डिंग नको तिथे जुना रंग न उखडता हलकेच पुसून त्यावर नवा चढवणे शहाणपणाचे.

हौदा व वरची बांधणी : एम ४१६ ला फाळका नाही. चारही बाजू बंद. सामान वरून उचलून ठेवावे लागते आणि नेमकी हवी ती वस्तू तळाशी असते. ह्यावर दोन उपाय रूढ आहेत. मागची बाजू कापून फाळका बसवायचा, किंवा हौदा अखंड ठेवून वर बिजागरीचे झाकण आणि नळ्यांची चौकट उभारायची. हौद्याच्या चारही भिंती मिळून त्याला ताठपणा देतात. एक कापली तर कडेला कैचीसारखे आधार द्यावे लागतात, नाहीतर खडबडीत वाटेवर पत्रा कोपऱ्यातून फाटतो. शिवाय जलरोधकपणा संपतो. तो संपल्याचे फार वाईट वाटायला नको. ओढा ओलांडताना तरंगणारा ट्रेलर प्रवाहाबरोबर आडवा होऊन जीपचे मागचे टोक ओढू लागतो. सैनिकांना तो तरंगायला हवा होता, कॅम्पिंगवाल्याला तो तळाला चिकटून यायला हवा.

चौकटीवर घडीचा तंबू बसवतात. गाडीच्या छपरावरच्या तंबूची कल्पना जुनी आहे. इटलीतील ऑटोहोम कंपनीचा माजोलीना हा तंबू १९५८ पासूनचा. तो जीपच्या टपावर न ठेवता ट्रेलरवर ठेवण्यात ह्या सगळ्या खटाटोपाचे खरे फळ आहे. तंबू टपावर असेल तर दूध आणायला जातानाही घर मोडून न्यावे लागते. ट्रेलरवर असेल तर मुक्काम जागेवर राहतो आणि जीप मोकळी होते. यूटातील मोआबसारख्या ठिकाणी, जिथे १९६७ पासून ईस्टर जीप सफारी भरते, लोक ट्रेलर तळावर सोडून अवघड खडकाळ वाटांवर रिकामी जीप घेऊन जातात. आसपासच्या सरकारी मोकळ्या जमिनींवर बहुतेक ठिकाणी विनाशुल्क मुक्कामाची मर्यादा चौदा दिवसांची असल्याने असा तळ टाकणे परवडते.

भाराचा हिशेब : ‘लष्करी आहे, काहीही सोसेल’ ही समजूत ह्या छंदातली सर्वांत महाग. लष्करी वाहनाच्या भारमर्यादेत रानातल्या हालांचा विचार केलेला असतो हे खरे, पण मर्यादा ती मर्यादाच. एम ४१६ ची २२७ किलो घेऊन बेरीज करून पाहावी. टणक कवचाचा तंबू ६० किलो, लोखंडी चौकट व झाकण ४०, साठ लिटर पाणी ६०, शिसे-आम्ल जातीची शंभर अँपिअर-तासांची बॅटरी ३०, भरलेला फ्रिज ३५. झाले २२५. अजून शिधा, भांडी, गॅस, अंथरूण, हत्यारे, सरपण काहीच आलेले नाही. लिथियम बॅटरीने पंधरा-अठरा किलो वाचतात, कापडी तंबूने आणखी काही. बाकीची बचत पाण्यात आणि लोखंडात करावी लागते. चांगले रूपांतर ओळखायचे ते त्यावर काय काय बसवले आहे ह्यावरून नव्हे, तर काय टाळले आहे ह्यावरून. हा ट्रेलर एका हलक्या जीपला रानात न अडवता मागून येण्यासाठी केलेला आहे, आणि त्यावर घर बांधू पाहणारा त्याचा हा एकमेव गुणच घालवतो.

भार कुठे ठेवला हेही पाहावे लागते. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के वजन दांड्याच्या टोकावर यावे, असा अमेरिकेतला रिवाज. ते कमी पडले तर वेगात ट्रेलर शेपूट हलवल्यागत डोलू लागतो, जास्त झाले तर जीपची पुढची चाके हलकी पडून स्टिअरिंग सैल लागते. पाण्याची टाकी आसाच्या वर ठेवतात, म्हणजे पाणी संपत गेले तरी हा तोल फारसा बिघडत नाही. दांड्याच्या टोकावरचे वजन मोजायला घरातला वजनकाटा आणि लाकडाचा ओंडका पुरतो.

भारतात : दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या ‘डिस्पोजल’च्या जीप भारतभर विकल्या गेल्या, आणि महिंद्रने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केल्यावर ह्या घराण्याची गाडी इथलीच झाली. जीपमागचा ट्रेलर आपल्याकडे मालासाठी परिचित असला तरी त्यावर तंबू चढवण्याची प्रथा रुळलेली नाही. कारण मुख्यतः कायदेशीर आहे. ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, पण त्याचा रोख तयार कॅराव्हॅन आणि त्यांच्यासाठीचे तळ ह्यांवर आहे. त्यामुळे सह्याद्रीत किंवा कोकणात तंबू दिसतो तो बहुधा थारच्या टपावर. घाटवाटांवरची अरुंद वळणे आणि मुक्कामाला मोकळ्या सरकारी जमिनीचा अभाव पाहता ते सोयीचेही आहे.