घरी काडतुसं भरायची म्हणताय? प्रेस घ्यायच्या आधी हे वाचा

आमच्या दुकानात येणाऱ्या आपल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठला प्रेस घेऊ?" (प्रेस म्हणजे वापरलेली काडतुसं पुन्हा भरायचं दांड्याचं यंत्र.) आणि आमचं उत्तरही ठरलेलं, की प्रेसचं नंतर बघू, आधी कुठलं कॅलिबर, म्हणजे कुठल्या मापाचं काडतूस मारता, महिन्याला किती मारता आणि घरात तासभर कोणी हाक मारणार नाही अशी जागा आहे का ते सांगा. इथे टेक्सासमध्ये स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला लायसन्स लागत नाही, पण भरून विकायचा धंदा करायचा तर फेडरल लायसन्स लागतं, त्यामुळे रेंजवरच्या मित्राला "पैसे दे, भरून देतो" असलं काही सुरू करू नका. फुकट पण देऊ नका, त्याची बंदूक फुटली तर मैत्री आणि वकील दोन्ही महागात पडतात.

अजून एक, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो. एच-वन, एफ-वन असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ ठेवायलाच बंदी आहे. अपवाद आहेत, नेहमीचा म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. शंका असेल तर आधी वकिलाला विचारा आणि मगच आमच्याकडे या, आम्हाला घाई नाहीये.

आता पैशाचं. साधं ९ एमएम मारत असाल तर स्पष्ट सांगतो, फार काही वाचत नाही, त्यात बेंचवर जाणारे तास धरले तर उलट तोटाच. खरा फायदा महागड्या रायफल कॅलिबरमध्ये, ३०० विन मॅग, ६.५ क्रीडमूर, किंवा रिव्हॉल्वरच्या ४५ कोल्टसारखं जुनं काहीतरी, जे दुकानात मिळालं तर मिळालं. आणि अचूकतेसाठी, कारण आपल्या रायफलला काय आवडतं ते फॅक्टरीला माहीत नसतं.

काडतुसात चारच गोष्टी असतात, पितळी पुंगळी, प्रायमर (तळातली ठिणगी पाडणारी टोपी), पावडर आणि बुलेट (पुढे उडणारी गोळी). यातली पुंगळी तेवढी परत वापरता येते, बाकी तीन एकदाच कामाला येतात. मारून झालेली पुंगळी उचलताना तिच्या आत बघा, तळाला मधोमध एकच भोक असेल तर बॉक्सर, म्हणजे चालेल, दोन बारीक भोकं असतील तर बर्डन, ती फेकून द्या, नाहीतर डायची (प्रेसमध्ये बसणाऱ्या साच्याची) पिन तुटते आणि मग तुम्ही पुन्हा आमच्याकडे येता.

तर प्रेस. सिंगल स्टेज (एका वेळी एकच काम), टरेट (फिरत्या डोक्यावर सगळे डाय) आणि प्रोग्रेसिव्ह असे तीन प्रकार. यूट्यूबवर प्रोग्रेसिव्ह बघून सगळ्यांना तोच हवा असतो, एक दांडा ओढला की एक काडतूस बाहेर, मजा वाटते, पण त्यात एकाच वेळी चार-पाच ठिकाणी काम चालू असतं आणि नवख्याचं लक्ष एकाच ठिकाणी असतं. सिंगल स्टेजने सुरुवात करा, आरसीबीएस कंपनीचा रॉक चकर घ्या किंवा बजेट कमी असेल तर ली कंपनीचा साधा घ्या. सेकंडहँड पण चालेल, ओतीव लोखंडाचा प्रेस पिढ्यान् पिढ्या जातो. डायच्या बाबतीत घाबरायची गरज नाही, जवळपास सगळ्यांचे आटे ७/८-१४ याच मापाचे, एका कंपनीचा डाय दुसऱ्याच्या प्रेसमध्ये बसतो, एखाद-दुसरं मॉडेल सोडलं तर. पुंगळी धरून ठेवणारा शेल होल्डर मात्र कॅलिबरप्रमाणे बघून घ्या.

डाय सेटमध्ये पहिला डाय जुना प्रायमर काढतो आणि फुगलेली पुंगळी परत मापात आणतो. पिस्तुलासाठी कार्बाइड डाय घ्या म्हणजे लूब (वंगण) लावायची कटकट नाही. रायफलच्या निमुळत्या मानेच्या पुंगळीला लूब लावावंच लागतं, दोन बोटांवर पुसटसं घेऊन पुंगळी फिरवायची, बास. विसरलात तर पुंगळी डायमध्ये अशी रुतते की दांडा ओढला तर कडाच तुटून येते आणि पुंगळी आतच. जास्त लावलं तर पुंगळीच्या खांद्यावर खड्डे पडतात. रायफलची पुंगळी दरवेळी थोडी लांब होते, म्हणून लांबी मोजायला कॅलिपर लागतोच. ३०८ विंचेस्टरची कमाल लांबी २.०१५ इंच, त्यापुढे गेली की ट्रिमरने २.००५ ला आणायची. साफसफाईला टंबलर, म्हणजे पुंगळ्या घोळवायचं यंत्र, त्यात मक्याच्या कणसाचा नाहीतर अक्रोडाच्या टरफलाचा भुगा, हा काही लगेच घ्यायलाच पाहिजे असं नाही.

पैसे घालायचे तर वजनकाट्यात घाला, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण स्वस्तातला काटा उचलतो. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, एका पाउंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ०.०६५ ग्रॅम, किचनमधला काटा इथे कामाचा नाही. डिजिटल असेल तर आधी चालू ठेवून गरम होऊ द्या, चेक वेटने (ठरलेल्या वजनाच्या मापाने) तपासा, डोक्यावरचा पंखा बंद करा, एसीच्या झोतात ठेवू नका, मोबाईल लांब ठेवा. आकडा नुसता बसल्या जागी सरकायला लागला की समजा कुठून तरी वारं लागतंय. किती पावडर घालायची ते चालू आवृत्तीच्या लोड मॅन्युअलमधूनच घ्या, लायमन, हॉर्नेडी, हॉजडन कुठलंही चालेल, आणि सुरुवात तिथे दिलेल्या कमीत कमी आकड्यापासून. कोणाच्या तरी चुलतभावाचा लोड, फेसबुकवरचा लोड, आमच्याच काउंटरवर ऐकलेला लोड, काहीच नको. आम्हाला विचारलंत तरी आम्ही सांगणार नाही, पुस्तक दाखवू.

पिस्तुलाच्या पुंगळीत चुकून दोनदा पावडर पडली तरी ती बाहेर सांडेलच असं नाही, गुपचूप मावते, आणि इथेच बंदुका फुटतात. म्हणून लोडिंग ब्लॉक घ्या, पन्नास भोकांचा लाकडी किंवा प्लास्टिकचा, सगळ्या पुंगळ्या उभ्या करा, पावडर घातली की बुलेट बसवायच्या आधी टॉर्च मारून प्रत्येकीत डोकवा, एखादी पातळी वर किंवा खाली दिसली की सगळं थांबवा. पावडर राहून गेली तर उलटा घोळ, बुलेट नळीतच अडकते, रेंजवर नेहमीसारखा धमाका न होता नुसता 'फट' आवाज आला की दुसरी गोळी अजिबात मारायची नाही, नळी तपासायची. चुकीचं भरलेलं काडतूस उघडायला हातोडीसारखा बुलेट पुलर मिळतो, तो पहिल्याच खरेदीत घ्या, लागणार आहे.

बेंचवर एका वेळी पावडरचा एकच डबा. काम झालं की उरलेली त्याच डब्यात परत, कारण पिस्तुलाची आणि रायफलची पावडर बघून ओळखता येत नाही. लेबल गेलेली पावडर वापरायची नाही म्हणजे नाही. प्रायमर त्यांच्या मूळ खोक्यातच, लोणच्याच्या बरणीत ओतून ठेवणारे पाहिलेत आम्ही, एक फुटला तर सगळे एकदम फुटतात. घरात मूळ डब्यात २० पाउंडापर्यंत पावडर आणि १०,००० प्रायमर ही एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षेच्या नियमावलीतली मर्यादा, शिवाय तुमच्या शहराचा फायर कोड आणि अपार्टमेंटचं लीज बघा. गॅरेज नको, ऑगस्टमधलं आपल्याकडचं गॅरेज म्हणजे भट्टी, त्यात पावडर खराब होते. आतल्या खोलीत, कुलपात, पोरांपासून लांब. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि शिशामुळे बेंचवर चहा-फरसाण बंद, उठल्यावर साबणाने हात धुवूनच पोरांना घ्या.

भारतात जाताना रेंजची बॅग प्रवासाला वापरू नका. तिकडे शस्त्र कायदा, १९५९ मध्ये काडतुसाचे भागसुद्धा 'दारूगोळा'च धरतात आणि विनालायसन्स तो बनवणं हा सरळ गुन्हा, त्यामुळे गावी भावाला दाखवायला चार बुलेट किंवा एक डाय सेट न्यावा हा विचार डोक्यातून काढा. कप्प्याच्या शिवणीत अडकलेली एक पुंगळी मुंबई एअरपोर्टवर स्कॅनरला दिसली तर फ्लाइट गेली, वर पोलीस चौकशी.

पावडर आणि प्रायमर ऑनलाइन मागवले की वर हॅझमॅट (धोकादायक मालाची) फी पडते, एक डबा मागवा नाहीतर दहा, म्हणून थोडंच हवं असेल तर दुकानातून न्या. जुना प्रेस किंवा काटा कोणाकडून घेतला असेल तर घेऊन या, तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत. पहिल्यांदा डाय सेट करताना पण या, येताना पाच-सहा रिकाम्या, प्रायमर काढलेल्या पुंगळ्या आणा, भरलेलं काडतूस मात्र दुकानात आणू नका.